गरिबी येते कुठून, जाते कुठे?

लेखक : ऊस विकास अधिकारी



गेल्या महिन्यात एका गटसभेला गेलो होतो. विषय खोडव्याच्या व्यवस्थापनाचा होता. पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, खताची मात्रा पहारीने द्या, हे नेहमीप्रमाणे सांगून झाले. चहा आला. तेवढ्यात मागे बसलेले एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, ऊसाचं आमाले समजलं. एक दुसरंच इचारतो. गरिबी हटाव ऐकता ऐकता माह्या बापाचे केस पिकले, आता माह्येबी पिकले. सरकार एवढा पैसा ओतून रायलं, मंग गरिबी हटत काऊन नाही? अन् हटली म्हनता, तं मंग आपल्या गावात नवे गरीब येऊन कुठून रायले?"

सभा हसली. मीही हसलो. पण मला सरळ उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्यातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे 'नवे गरीब कुठून येतात', हा तर फारच मोलाचा वाटला. म्हणून या अंकात पिकाचा धडा बाजूला ठेवून याच प्रश्नाचा अभ्यास मांडत आहे. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नव्हे, कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. तेव्हा आपल्या वावरात आणि आपल्या जिल्ह्यात जे दिसते, त्याच्या आधारानेच बोलणार आहे.

१. गरिबी मोजायची कशी?

कोणत्याही रोगावर औषध देण्याआधी तो किती एकरात पसरला आहे हे आपण पाहतो. गरिबीचेही तसेच आहे. आपल्या देशात हे मोजमाप पहिल्यांदा दादाभाई नौरोजी यांनी केले. १८६७ ते १८७० या काळासाठी त्यांनी हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला सुमारे २० रुपये काढले आणि देशाची संपत्ती बाहेर वाहून जात आहे, हे आकड्यांनी दाखविले. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कुणब्याच्या घरातील दैन्य कशाकशाने येते, ते मांडले. म्हणजे हा प्रश्न काही आजचा नाही.

स्वातंत्र्यानंतर १९७१ साली पुण्याचे वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी एक मोठा अभ्यास केला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न परवडते की नाही, ही त्यांची कसोटी होती. १९६०-६१ साली खेड्यातील सुमारे ४० टक्के आणि शहरातील सुमारे ५० टक्के माणसे त्या कसोटीला उतरत नव्हती. साध्या भाषेत सांगायचे तर, देशातील दर पाच माणसांतली दोन माणसे पोटभर जेवत नव्हती.

पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली देशात २१.९ टक्के आणि महाराष्ट्रात १७.३५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली धरले गेले. त्या वेळी महाराष्ट्राच्या खेड्यांसाठी ही रेषा माणशी महिन्याला ९६७ रुपये होती. अलीकडे नीती आयोग केवळ पैसा न मोजता आरोग्य, शिक्षण, पाणी, संडास, वीज, घर, बँक खाते असे अनेक पदर मोजतो. त्या मापाने देशातील गरीब २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले, आणि महाराष्ट्रातील १४.८० वरून ७.८१ टक्क्यांवर आले.

तेव्हा पहिली गोष्ट ही की गरिबी हटलीच नाही, हे म्हणणे बरोबर नाही. आपल्या आजोबांच्या काळी ज्वारी संपली की अंबाडीच्या भाजीवर दिवस काढावे लागत. आज रेशनचा तांदूळ-गहू घरात असतो. हा फरक कमी नाही. पण मग त्या काकांचा दुसरा प्रश्न उरतोच.

२. एक खोली, दोन दारे

गरिबीला आपण एक खोली समजू. तिला दोन दारे आहेत. एका दाराने माणसे बाहेर पडतात, दुसऱ्या दाराने आत येतात. सरकारी आकडा आपल्याला फक्त एवढेच सांगतो की आज खोलीत किती जण बसले आहेत. त्यातले जुने किती आणि नवे किती, हे तो सांगत नाही.

अनिरुद्ध कृष्ण नावाच्या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात, आंध्र आणि आफ्रिकेतील काही देशांत गावोगाव बसून हेच विचारले : वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणते घर कसे होते आणि आज कसे आहे? त्यांना असे आढळले की ज्या गावात काही घरे वर आली, त्याच गावात त्याच काळात दुसरी काही घरे खाली गेली होती. शिवाय वर येण्याची कारणे वेगळी, खाली जाण्याची वेगळी. खाली जाण्यात सर्वात पुढे आजारपण आणि त्याचा खर्च. मग लग्न व मयतीचा खर्च. आणि चढ्या व्याजाचे कर्ज. आळस आणि दारू यांना आपण गावच्या पारावर बसून पहिला नंबर देतो. त्यांचा नंबर बराच खाली लागला.

हे वाचल्यावर मला आपल्याच एका सभासदाची आठवण झाली. नाव सांगत नाही. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्याचा तीन एकर ऊस, विहिरीला पाणी, नवरा-बायको दोघे राबणारे, दोन मुले शाळेत, घरात म्हातारी आई. को ८६०३२ ची लागण मी स्वतः नोंदविली होती. त्या पावसाळ्यात बायकोच्या पोटाचे ऑपरेशन निघाले. नागपूरच्या एका दवाखान्यात नेले. दीड लाखाच्या आत-बाहेर खर्च आला. घरची चिल्लर, पाहुण्यांचे हातउसने मिळून काही जमले. एक लाख रुपये गावातल्याच एकाकडून शेकडा ५ रुपये महिना या दराने घेतले.

आता हिशेब करू. शेकडा ५ रुपये महिना ऐकायला थोडे वाटते. वर्षाचे ते ६० टक्के होतात. लाखाला वर्षाचे व्याज ६० हजार. समजा तीन एकरांत एकरी ३५ टन धरून १०५ टन ऊस झाला आणि तोड-वाहतूक वजा जाता हाती टनाला २,४०० रुपये पडले, तर २,५२,००० रुपये होतात. लागण, खत, पाणी, मजुरी मिळून एकरी ४० हजार खर्च धरला तर १,२०,००० गेले. उरले १,३२,०००. त्यातून व्याजाचे ६० हजार गेले की उरतात ७२ हजार, म्हणजे महिन्याला ६ हजार. घरात माणसे पाच. माणशी महिन्याला १,२०० रुपये. २०११-१२ ची रेषा ९६७ रुपये होती. त्यानंतर तेल, डाळ, औषध, शाळेची फी यांचे भाव किती वाढले ते घरच्या बायांना विचारा. म्हणजे सात-बारावर तीन एकर ओलिताचा मालक आणि ताटावर दारिद्र्यरेषेखाली! आणि मुद्दल तसेच उभे.

दुसऱ्या वर्षी व्याजाचा तगादा लागला तेव्हा त्याने कारखान्याच्या तोडीची वाट न पाहता उभा ऊस गुऱ्हाळवाल्याला पडत्या भावाने दिला. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'ऊस पुरवठा केला नाही' अशी एक ओळ उरली. मी नियमाप्रमाणे नोटीस काढली. का दिला नाही, हे विचारायला मी त्याच्या घरी गेलो नाही. पुढच्या हंगामात तो मला दुसऱ्याच्या फडात कोयता घेऊन तोड करताना दिसला, तेव्हा सगळे कळले. नंतर असेही कळले की त्याच्याकडे केशरी शिधापत्रिका होती. यादीतल्या दवाखान्यात जाऊन आरोग्यमित्राला भेटला असता, तर ते ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसले असते. हे त्याला कोणी सांगितले नाही. मी त्याच्या वावरात महिन्यातून दोनदा जात होतो. मीही सांगितले नाही.

त्या काकांना मी आता उत्तर देईन : नवे गरीब असे येतात. ते परगावाहून येत नाहीत, आपल्याच सभासद यादीतून येतात.

३. जुनी कारणे : पाणी, जमीन, जात

दुसऱ्या दाराचे बोललो. पण खोलीत आधीपासून जे बसले आहेत, ते कशामुळे? याची कारणे एका घराच्या हातातली नसतात.

(अ) पाणी. आपल्या पूर्व विदर्भात ऊस नवा नाही. भंडारा-चांदा भागात कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले आणि त्या पाण्यावर ऊस पिकविला. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे आजही सांगतात. इंग्रजी अमलात गावाची मालकी मालगुजाराकडे गेली, म्हणून या तलावांना माजी मालगुजारी किंवा 'मामा तलाव' म्हणतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून त्यांची संख्या सहा हजारांवर आहे. १९५१ साली मालगुजारी संपली, ही न्यायाची गोष्ट झाली. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळ दुरुस्त कोणी करायची, गाळ कोणी काढायचा, ही जबाबदारी मधल्या मध्ये लोंबकळत राहिली. तलाव उथळ झाले, पाणी कमी झाले, ऊस गेला आणि एकट्या धानावर गाव आले.

मोठ्या धरणांची कथाही तशीच. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा वाटा देण्याचे ठरले होते. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ साली हिशेब मांडला, तेव्हा राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला आणि त्यातला ३९ टक्क्यांच्या वर एकट्या विदर्भाचा होता. सिंचन हा त्यातला सर्वात मोठा भाग. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, लाभक्षेत्र नागपूर, भंडारा, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. पुढे खर्चाचा अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेले पोर आज स्वतः बाप झाले आहे. पाणी वावरात येण्यास एक पिढी उशीर झाला की त्या पिढीची कमाई कोणत्याही पॅकेजने भरून येत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

(ब) जमीन आणि जात. आपण सभासद, म्हणजे आपल्याकडे थोडीफार जमीन आहे. पण आपल्या फडात राबणाऱ्याकडे बहुधा ती नाही. ज्या जातींना पिढ्यान् पिढ्या जमीन, विहीर आणि शाळा या तिन्हींपासून दूर ठेवले, त्यांच्या वाट्याला गरिबी आली. तो नशिबाचा खेळ नव्हता, माणसांनीच केलेली वाटणी होती. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोक जमले, त्यामागे मानाचा प्रश्न होता तसाच भाकरीचाही होता. १९५८ चा विदर्भाचा कूळ कायदा आणि १९६१ चा जमीनधारणा कमाल मर्यादा कायदा यांनी काही कुळांना व भूमिहीनांना जमीन दिली. २००४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजना आली. तिच्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीनांना ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर ओलित जमीन द्यावयाची आहे. अडचण एकच : विकणारा शासकीय दराने विकायला तयार पाहिजे. रस्त्याकाठच्या जमिनीचे भाव चढले तसे ते कठीण होत गेले.

(क) एका पिकावरचा जुगार. एका घराचे सगळे उत्पन्न एका पिकावर आणि ते पीक एका पावसावर, अशी स्थिती असेल तर सरासरी उत्पन्न चांगले असूनही घर बुडते. पऱ्हाटीवर बोंडअळी आली किंवा सोयाबीन काढणीला पाऊस लागला की चार चांगल्या वर्षांची बचत एका वर्षात जाते.

४. सरकारने केले काय?

'गरिबी हटाव' ही घोषणा १९७१ ची. त्यानंतर योजनांची नावे अनेकदा बदलली. नावे पाठ करण्यात अर्थ नाही. त्यांचे प्रकार ओळखावेत. माझ्या मते ते चार आहेत.

पहिला प्रकार : काम देणे. यात महाराष्ट्राने देशाला वाट दाखविली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना अशी की मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ती करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. शहरातील पगारदारांनी खेड्यातील मजुराच्या कामासाठी पैसा द्यावा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पंधरा दिवसांत काम द्या, नाही तर भत्ता द्या, असे कायद्याने लिहून दिले. या कामावर बाया मोठ्या संख्येने आल्या, कारण काम गावाजवळ होते आणि मागायला कोणाच्या दारी जावे लागत नव्हते. १९९० पासून याच योजनेला फळबाग लागवड जोडली. त्यातून राज्यभर हजारो कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बांधावर फळझाडे आली.

याच नमुन्यावर केंद्राने २००५ चा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो आधी २०० जिल्ह्यांत आणि २००८ पासून देशभर लागू झाला. त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ केले आहेत आणि राज्याच्या डोक्यावर खर्चाचा मोठा वाटा टाकला आहे. तो कसा चालतो, ते आता पाहावयाचे.

माझी आई १९८७ साली रोजगार हमीच्या कामावर तलावाच्या पाळीवर माती टाकायला जात असे. मी आठ वर्षांचा होतो, डबा घेऊन जायचो. त्या कामाने आमचे घर तरले, हे मी विसरत नाही. पण हप्ता दीड-दोन महिने उशिरा व्हायचा, तेव्हा किराणावाला उधारीवर भाव वाढवून लावायचा. आई म्हणायची, "काम सरकारनं देल्लं, पन अर्दा पगार दुकानदारानं नेला." तात्पर्य, योजना चांगली असून भागत नाही, पैसा वेळेवर हातात पडला पाहिजे. उशिरा दिलेला पैसा हा कमी दिलेला पैसा असतो.

दुसरा प्रकार : साधन देणे. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सर्व विकास गटांत गेला. म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, बंडी यांसाठी बँकेचे कर्ज आणि त्यावर सूट : लहान शेतकऱ्याला २५ टक्के, अत्यल्प भूधारक व मजुराला एक तृतीयांश, आदिवासीला ५० टक्के. काही घरे त्यावर उभी राहिली. पण एकच म्हैस तीन कागदांवर चरते, असा विनोद त्या काळी गावोगाव चाले. चारा नाही, डॉक्टर नाही, दूध घ्यायला संस्था नाही, अशा ठिकाणी नुसती म्हैस देऊन काय होणार? म्हैस आटली, विकली, कर्ज उरले. त्यावरून शिकून पुढे एकेकट्या माणसाऐवजी बचत गटावर भर आला. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे आणि २०११ नंतर 'उमेद' आले. दहा बाया एकत्र बसून आधी स्वतःची बचत करतात, मग कर्ज घेतात. इथे सहकाराचाच धडा पुन्हा गिरवला गेला, हे आपण सहकारी कारखान्याचे सभासद म्हणून अभिमानाने सांगू शकतो.

तिसरा प्रकार : अन्न आणि औषध. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हक्काने दिले; जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आरोग्याची योजना राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचे नाव आहे. आता तिची मर्यादा ५ लाखांपर्यंत नेली आहे. माझ्या समजुतीने आत येणाऱ्या दाराला कडी लावणाऱ्या योजना हीच दोन. म्हणून त्यांची माहिती घराघरांत असली पाहिजे.

चौथा प्रकार : कर्जमाफी आणि रोख मदत. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत ५ एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती. त्यावर जमीन असणाऱ्याने ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. कागदावर हे न्याय्य वाटते. पण विदर्भात सात-आठ एकर कोरडवाहू असलेला कास्तकार दोन एकर बारमाही ओलितवाल्यापेक्षा गरीब असतो. तो 'मोठा शेतकरी' ठरला आणि बाहेर राहिला. दिल्लीत बसून एकच फूटपट्टी लावली की असे होते. पुढे राज्याने २०१७ मध्ये दीड लाखांपर्यंत व २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत माफी दिली, तेव्हा एकरांची ही अट नव्हती. पण कोणत्याही माफीत सोसायटी व बँकेचे कर्ज फिटते, गावातल्या विनापरवाना कर्जाची पै फिटत नाही. आणि घर बुडते ते त्याच कर्जाने. २०१९ पासून केंद्राचे वर्षाला ६ हजार आणि २०२३ पासून राज्याचेही तेवढेच, अशी रोख रक्कम खात्यात येते. तिचा उपयोग आहे. खताच्या चार गोण्या येतात. पण वरच्या हिशेबातले ६० हजारांचे व्याज तिच्याने भागत नाही.

५. मग कमी कुठे पडते?

एवढे सगळे वाचून मला जे समजले ते असे. बहुतेक योजना बाहेर जाणाऱ्या दाराशी उभ्या आहेत. आत येणाऱ्या दाराशी मात्र राखणदार थोडे. पिकासाठी कर्ज मिळते. सोसायटीचे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर २०२१ पासून पंजाबराव देशमुख योजनेने व्याजही लागत नाही. पण घरात रात्री दोन वाजता माणूस आजारी पडला, तर ५० हजार रुपये देणारी संस्था गावात एकच असते आणि तिचा दर शेकडा ५ रुपये महिना असतो.

६. आपल्या हातात काय?

सरकारवर टीका करणे सोपे आहे, आणि ते काही खोटेही नाही. पण आपण सहकारी संस्थेचे मालक आहोत. तेव्हा आपल्यापुरते काही सांगतो.

एक. प्रत्येक सभासदाने या महिन्यात शिधापत्रिका, आधार व आयुष्मान कार्ड तपासून एका पिशवीत ठेवावे. मुलीचे नाव चढले का, सुनेचे चढले का, ते पाहावे. दवाखान्यात गेल्यावर पैसे भरण्याच्या आधी आरोग्यमित्र कुठे बसतो, हे विचारावे.

दोन. सगळे वावर उसाखाली आणू नये. हे ऊस अधिकाऱ्याने सांगावे, याचे काहींना नवल वाटेल. पण पाच एकर असेल तर तीन एकर ऊस, बाकीत तूर-हरभरा-भाजीपाला आणि दारात एक दुभते जनावर, असे घर एका पिकाच्या मारात बुडत नाही. लागणीच्या उसात हरभरा, कांदा यांसारखे आंतरपीक घेता येते. पाणी ठिबकने दिले तर तेवढ्याच विहिरीवर हे सर्व भागते.

तीन. उभा ऊस विकण्याची पाळी आली तर आधी गट कार्यालयात सांगावे. लाज बाळगू नये. अडचण कळली तर तोडीचा क्रम पुढे घेण्याचा विचार तरी करता येतो. मी माझ्यापुरते ठरविले आहे की 'ऊस पुरवठा केला नाही' अशी ओळ लिहिण्याआधी त्या घरी जाऊन यायचे.

चार. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. खरेदीखतावर सही करण्याआधी चार माणसांना विचारावे.

पाच. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे हे कारखान्याचे कर्तव्य आहे. हे मी कारखान्याच्याच पत्रिकेत लिहीत आहे. माझ्या आईच्या हप्त्याला जो नियम, तोच उसाच्या बिलाला.

सहा. आपल्या फडातील टोळी. तोडणी मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून कोयता चालवितात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीचा दोर पुष्कळदा तसाच आवळतो. त्यांची पोरे फडातच मोठी होतात, म्हणजे पुढच्या पिढीचे मजूर तयार होतात. टोळी आपल्या वावरात असेल तेव्हा पिण्याचे पाणी, सावली, आडोसा देणे आणि पोरांना जवळच्या शाळेत बसविणे एवढे तरी आपण करू शकतो. त्या टोळीत आपला जुना सभासदही असू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सात. शेवटचा मुद्दा विचारासाठी. सभासदांचा एक आपत्कालीन निधी असावा. समजा हंगामात ३ लाख टन गाळप झाले आणि टनाला २ रुपये बाजूला काढले, तर ६ लाख रुपये जमतात. आजारपणासाठी ३० हजारांपर्यंत उचल द्यावी व ती पुढील दोन हंगामांच्या बिलातून कापावी. एका वर्षात २० घरे सावकाराच्या दारातून परत फिरतील, आणि कापलेला पैसा पुन्हा निधीत येईल. हा माझा व्यक्तिगत विचार आहे. निर्णय संचालक मंडळाचा व सर्वसाधारण सभेचा. पण सभेत कोणी तरी हा विषय काढावा, अशी विनंती आहे.

ज्या काकांनी प्रश्न विचारला, त्यांना हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे. आणि त्या तीन एकरवाल्या सभासदाचे म्हणाल, तर या वर्षी त्याने एक एकराची पुन्हा लागण केली आहे. बाकी दोन एकर अजून गहाणात आहेत. नोंद मी घेतली. या वेळी घरी बसून घेतली.

अभ्यास मंडळात चर्चेसाठी :

(१) आपल्या गावात गेल्या वीस वर्षांत कोणती घरे वर आली, कोणती खाली गेली? प्रत्येकाचे कारण लिहा.
(२) शेकडा ३, ४ व ५ रुपये महिना या दरांनी ५० हजारांचे दोन वर्षांचे व्याज काढा.
(३) आपल्या गावच्या मामा तलावाचा गाळ शेवटी कधी काढला? तो काढायला रोजगाराच्या कामातून मागणी करता येईल काय?
(४) आपत्कालीन निधीचे नियम कसे असावेत?

उत्तरे गट कार्यालयात आणून द्यावीत. बोलीत लिहिली तरी चालतील.